लाल फडकं आणि मी

मित्रांनो, गोदामातल्या खिळ्याला टांगलेला, तोंड चेपलेला हा भोंगा म्हणजे मी. भावनगरकडच्या किनाऱ्यावर, जिथे थकलेली जहाजं तोडायला आणतात, तिथे चार वर्षं मी मुकादम वालजीभाईंचा आवाज होतो.

मी येण्याआधी ते लाल फडकं हलवत. ते दिसलं की चिखलात काम करणारे बाजूला पळत, मगच वरून कापलेला पत्रा सोडला जाई. मी आलो आणि फडक्याचं काम सुटलं. वालजीभाई त्याने मला पुसू लागले. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू!

मग ओडिशातून नटबर आला. जेवणाच्या सुट्टीत, यंत्रं बंद असताना, वालजीभाईंनी माझ्यातून त्याची परीक्षा घेतली.

"डावीकडे सरक! मागे ये!"

तो सरकला, आला.

"पोरगं गुजराती कोळून प्यायलंय!" वालजीभाई खूश झाले.

पण काम सुरू झालं की साखळ्या ओढणाऱ्या विंचची घरघर, हातोड्यांचे घाव. त्यात माझ्या शब्दांच्या चिंध्या होत. नटबरच्या जोडीला काम करणाऱ्या, तिथल्याच छनाला एक चिंधी पुरायची. बाकीचं तो जन्मापासूनच्या भाषेतून जोडून घ्यायचा. नटबरला नुसता गोंगाट ऐकू यायचा.

"छनाभाई, तू पळालास की मी पळतो," एकदा तो म्हणाला.

"अरे, मग मुकादमांना सांग की!"

"नको बाबा. पास झालोय. आता नापास म्हणून घरी धाडतील."

मी जवळच होतो, मित्रांनो. पण मी दुसऱ्याच्या तोंडाने बोलणारा. मला सांगता आलं नाही.

छना बहिणीच्या लग्नाला गेला, त्या दिवशी नटबर एकटाच साखळी ओढत होता. वालजीभाई माझ्यातून तीनदा ओरडले. नटबरने वर पाहिलं, नेहमीसारखं हसून मान हलवली. समजलं, असं धरून वालजीभाईंनी पत्रा सोडायला हात वर केला.

पत्रा नटबरवरच आला. मी वालजीभाईंच्या हातातून पडलो. यंत्रं थांबली. त्या शांततेत माझा शब्द न् शब्द नटबरला कळला असता.

वालजीभाईंनी खिशातलं लाल फडकं काढून त्याच्या तोंडावर घातलं. "त्याने मान हलवली होती ना रे? तुम्ही पाहिलंत ना?" ते एकेकाला विचारत राहिले.

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका. परमुलखातून आलेल्या माणसाला समजलं का, हे यंत्रं चालू असताना विचारा. आणि फडकं खिशात ठेवू नका, हातात धरा.