झाकणाचा स्क्रू

"वायर जरा हलली की आवाज जातो, भावजी. बाकी काही नाही. तेवढंच बघा," असं म्हणत वहिनींनी बेस गिटार चष्म्याच्या दुकानातल्या काचेच्या काउंटरवर आडवा ठेवला.

काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला त्याचे मित्र मिलिमीटर म्हणत. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम. मालक बदलले, दुकानाची पाटी बदलली, पण मागच्या खोलीतल्या दिव्याखाली मान वाकवून बसलेला हा माणूस तोच राहिला. काच कणभर मोठी झाली तर फ्रेम फुटते आणि लहान झाली तर काच गळून पडते, हे आयुष्यभर करून करून त्याच्या स्वभावातच उतरलं होतं. घरी भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर तो जेवण सोडून उठायचा. बायकोने त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

त्याला हे नाव दिलं ते वहिनींच्या नवऱ्याने. तो शहरातल्या बसवर ड्रायव्हर होता आणि सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. रविवारी दुकान बंद असलं की मागच्या खोलीत चार-पाच हौशी मंडळी जमायची. सगळेच बेसवाले. गायला कोणी नाही, ड्रम वाजवायला कोणी नाही, त्यामुळे वाजवणं कमी आणि चर्चाच फार. कुठल्या तारा चांगल्या, आवाज पकडणारं चुंबक कुठलं बसवावं, तारा लाकडापासून किती उंच असाव्यात, यावर ही माणसं चहा गार होईपर्यंत भांडत. त्यांच्यातला बँकवाला दर दोन महिन्यांनी बेसमधलं काहीतरी बदलून आणायचा. त्याच्या डोक्यात जो आवाज होता तो त्याला कधी सापडला नाही, पण वाद्यांच्या दुकानदाराचं भलं झालं.

ड्रायव्हर या चर्चेत नसायचा. तरुणपणी घेतलेला एकच बेस त्याने जन्मभर वाजवला आणि त्याचा एक स्क्रूही कधी फिरवला नाही. तारा अगदी पहिल्या, काळवंडलेल्या. आवाज घुमू नये म्हणून बसच्या फाटक्या सीटमधला स्पंजचा तुकडा त्याने तारांच्या खाली एका टोकाला कोंबून ठेवला होता. तारा इतक्या उंच होत्या की त्या दाबायला पैलवान लागावा. आणि तारा जिथे अडकवतात त्या भागावर धातूचं एक चकचकीत झाकण होतं, त्याचा एक स्क्रू सैल होता. जाड्या तारेवरचा एक ठराविक सूर वाजला की ते झाकण झर्र करायचं. बाकीच्यांना ते ऐकू तरी यायचं की नाही कोण जाणे, मिलिमीटरच्या मात्र दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

"दोन दिवस माझ्याकडे ठेव. नवा करून देतो," तो दर रविवारी म्हणायचा.

"मी तुझ्या चष्म्यांना हात लावतो का?" ड्रायव्हर हसायचा. "मग तू याला लावू नकोस."

मग एका दुपारी ड्रायव्हर ड्यूटीवरून घरी आला, बूट काढायला खुर्चीत बसला आणि तिथेच गेला. मिलिमीटर धावत गेला. बाकीचे रडले, वहिनींच्या पाठीवरून हात फिरवत बोलले. हा आपला कोपऱ्यात उभा राहून लोकांच्या चपला सरळ लावत होता. त्याचं त्याला फार वाईट वाटत राहिलं. इतक्या वर्षांचा मित्र गेला आणि आपल्याला धड रडतासुद्धा आलं नाही, ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

आता तोच बेस समोर होता. वहिनी दुकानातून बाहेर पडल्या आणि त्याचे हात शिवशिवायला लागले.

वायर हलते म्हणजे कोणीतरी ती लावतंय, मग हा बेस वाजवतंय कोण, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. तो पडला नाही. त्याने बेस घरी नेला, वायर खोचायची जागा उघडली, सुटलेला टाका डाग देऊन पक्का केला. अर्ध्या कप चहाचं काम. आवाज ठणठणीत झाला.

"झालं ना? मग देऊन या," बायको म्हणाली.

"आता उघडलाच आहे तर..." तो म्हणाला.

बेसवाल्या मंडळींत या तीन-चार शब्दांनी जितकी वाद्यं मारली तितकी पडून फुटून मेली नसतील. पण बोलणारा नेहमी चांगल्या मनाने बोलतो. मिलिमीटरला तर वाटलं, त्या दिवशी आपल्याला काही करता आलं नाही, हे मात्र येतं. मित्रासाठी एकदाच, शेवटचं, नीट करावं. त्याने जुन्या तारा सैल केल्या आणि सगळेच करतात तशा मधोमध पक्कडीने कापून कचऱ्यात टाकल्या. स्पंजला बोट लावताच त्याचा भुगा झाला. बेसच्या लांब मानेतली सळई फिरवून त्याने बाक काढला, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या घासून आरशासारख्या केल्या, नव्या तारा चढवल्या आणि इतक्या खाली आणल्या की लहान मुलानेही वाजवावं. सगळ्यात शेवटी झाकणाचा तो स्क्रू. चष्म्याच्या काडीचा स्क्रू पुन्हा सैल होऊ नये म्हणून दुकानात जो गोंद वापरतात त्याचा थेंब टाकून त्याने तो आवळला. सगळे सूर वाजवून पाहिले. कुठे खरखर नाही, खुट्ट नाही. असं काम आयुष्यात एखाद्या वेळीच हातून होतं, असं त्याला वाटलं आणि त्याला छान झोप लागली.

वहिनी कपडे शिवायच्या. स्वयंपाकघरातच खिडकीपाशी त्यांचं मशीन होतं आणि शेजारी टेबलाखाली बेसचा आवाज मोठा करायचा ड्रायव्हरचा लहानसा अँप. मिलिमीटरने बेस तिथे नेऊन भिंतीला टेकवून ठेवला, पण वहिनींनी खुर्ची ओढली, बेस मांडीवर घेतला आणि वायर लावली. तो बघतच राहिला.

"एकच ओळ येते मला," त्या जरा संकोचून म्हणाल्या. "ते रोज संध्याकाळी वाजवायचे ती. बोटं कुठे ठेवायचे ते बघून बघून पाठ होतं. आता तशीच ठेवते."

त्यांनी ओळ वाजवली. अडखळत, पण चुकल्या नाहीत. सूर स्वच्छ, लखलखीत निघत होते. मिलिमीटर मनातून खूश झाला. वहिनींनी ओळ पुन्हा वाजवली, मग तिसऱ्यांदा अर्ध्यातच थांबल्या आणि तारांवर तळवा ठेवला.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "नवाच वाटतो."

"बरंच काम होतं, वहिनी."

"मधे एक झर्र व्हायचं बघा. मी ओट्यापाशी असायचे, पाठ यांच्याकडे. ते झर्र झालं की कळायचं, आता ओळ संपत आली, ताटं घ्यावीत. ते कुठे गेलं?"

"तो बिघाड होता," मिलिमीटर म्हणाला. "मी काढला."

"हो का." त्यांनी जुन्या तारा आहेत का, असं विचारलं. कापून टाकल्या, असं त्याने सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. चहा केला, बिस्किटं दिली, तुमच्या गुडघ्याचं कसं आहे म्हणून चौकशी केली. मिलिमीटरला वाटत होतं, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते "बरं" घेऊन तो घरी आला.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली की मग होता तसा करून द्या, त्यात काय एवढं. तेव्हा त्याला कळलं की तो कसा होता हे त्याला माहीतच नाही. रविवारी येणाऱ्या प्रत्येकाच्या बेसची मापं त्याला तोंडपाठ होती. ड्रायव्हरने आपल्या बेसला कधी हात लावू दिला नव्हता, आणि हातात आला तेव्हा आधी मापून ठेवावं एवढाही दम त्याला निघाला नव्हता.

तो वहिनींकडून बेस परत घेऊन आला आणि रविवारी मंडळींना बोलावलं. ड्रायव्हर गेल्यापासून ते फारसे जमले नव्हते. बँकवाला म्हणाला की तारा करंगळीएवढ्या उंच होत्या. दुसरा म्हणाला, छे, त्याहून कमी. स्पंज मुळात काळा होता की हिरवा यावर वाद झाला. जुन्या तारांसाठी बँकवाल्याने आपला खण उपसला, पण त्याच्या सगळ्या तारा दोन-दोन महिने वापरलेल्या, म्हणजे नव्याच. एकाने तारांना लोणी चोळायचा सल्ला दिला. दोन तास असेच गेले. ड्रायव्हर कोपऱ्यात बसून वाजवायचा आणि आपण त्या वेळी बोलत असायचो, हे एकदमच सगळ्यांच्या लक्षात आलं. बँकवाला उठून कपबशा विसळायला गेला.

सोमवारी मिलिमीटर बसडेपोत गेला. मागच्या शेडमध्ये मोडक्या सीटचा ढीग होता. ड्रायव्हरचं नाव काढल्यावर तिथल्या माणसाने काही न विचारता कात्री दिली. स्पंज काळा होता. घरी येऊन त्याने तो तारांखाली कोंबला. मग मानेला पुन्हा बाक दिला आणि तारा वर चढवल्या. चांगलं काम स्वतःच्या हाताने बिघडवताना त्याच्या कपाळावरची आठी जात नव्हती. गोंद घट्ट बसला होता, स्क्रू हलेना. डाग द्यायच्या गरम सळईने त्याने तो तापवला तेव्हा कुठे सुटला. पण सैल किती करायचा हे त्याला ठरवता येईना. त्याने तो तसाच सोडला आणि संध्याकाळी बेस घेऊन वहिनींकडे गेला.

"तारा जुन्या करून देता येत नाहीत, वहिनी," त्याने दारातच सांगून टाकलं. "त्या वाजवूनच जुन्या होतात. तेवढं माझ्या हातात नाही. बाकीचं तुमच्या कानाने करू."

वहिनींनी मशीनवरचा कपडा बाजूला सारला आणि बेस मांडीवर घेतला. वाजवता वाजवता त्यांनीच तारांची उंची सांगितली. बोटाला वळ उठेल इतकी हवी, म्हणाल्या, यांच्या बोटांना घट्टे होते. मिलिमीटरने मोजपट्टी काढलीच नाही, किल्ली फिरवत गेला. मग तो स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्यापुढे जमिनीवर उकिडवा बसला. दुखरा गुडघा कुरकुरला.

त्याने स्क्रू थोडा सैल केला. त्यांनी ओळ वाजवली. काही नाही. आणखी थोडा. काही नाही. आणखी जरा फिरवला तर सगळेच सूर खडखडायला लागले.

"एवढं नाही हो," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. "हे म्हणजे भांडी पडल्यासारखं झालं."

त्याने स्क्रू मागे आणला. श्वास रोखून, केसभर. जन्मभर स्क्रू आवळलेल्या हाताला कुठे थांबायचं ते कळत नव्हतं, म्हणून तो हाताचं न ऐकता फक्त ऐकत राहिला. वहिनींनी पुन्हा सुरुवात केली. ओळ अर्ध्यावर आली, पुढे सरकली, आणि शेवटच्या जरा आधी, जाड्या तारेवर, झालं. झर्र.

इतकी वर्षं त्याला खुपणारा तो आवाज. मिलिमीटरला एकदम ड्रायव्हर दिसला, पाय पसरून बसलेला, त्याच्याकडे बघून मुद्दाम तो सूर पुन्हा वाजवणारा. आणि त्याला रडू आलं. त्याने ते अडवलं नाही. मान खाली घालून तो त्या झाकणाकडे बघत राहिला.

वहिनींनी ओळ पुरी केली. तारा नव्याच होत्या, आवाज अजून फार उजळ होता, पूर्वीसारखा नव्हताच. बेस टेबलावर ठेवून त्या उठल्या, फळीपाशी गेल्या आणि त्यांनी ताटं खाली काढली. हातात दोन आली होती. त्या क्षणभर दुसऱ्या ताटाकडे बघत उभ्या राहिल्या.

"जेवूनच जा, भावजी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

मिलिमीटरने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि हात धुवायला उठला.