भाऊजींची सफाई

वहिनींच्या वेबसाइटचं ज्यांनी वाटोळं केलं, तेच भाऊजी आता ती साफ करायला बसले होते. वर तोरा असा, की जणू उपकारच करताहेत!

वहिनी बूट शिवायच्या. एक पाय आखूड असलेल्या पोरांसाठी, एका बुटाला जाड तळ लावलेले. आसपास हे काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. आईबाप इंटरनेटवर शोधत शोधत यायचे. सगळं सुरळीत चाललेलं धाकट्या दिराला बघवेल तर ना! कुठलासा कोर्स करून आले आणि लागले अक्कल पाजळायला. "वहिनी, जितक्या जास्त साइट्सवर आपली लिंक, तितके आपण सर्चमध्ये वर." मग ढिगाने लिंक विकत घेतल्या. जुगाराच्या साइटवर, टकलावर केस उगवणाऱ्या तेलाच्या साइटवर लहान मुलांचे बूट! सर्च इंजिनला काय डोळे नसतात? दुकान असं खाली फेकलं गेलं, की खुद्द वहिनींनाही सापडेना.

"आता विषारी लिंक नाकारायच्या," भाऊजी म्हणाले. "सर्च इंजिनला यादी पाठवून कळवायचं, की बाबा, यांचा आमचा संबंध नाही. माझी नजर तयार आहे."

कसली नजर आणि कसलं काय! साइट दिसायला भिकार असली की नाकारायची, चकचकीत असली की ठेवायची, एवढाच यांचा हिशोब. यादी गेली आणि दुकान आणखी खाली गेलं.

शेवटी वहिनींनी खुर्ची ओढली आणि यादी बघितली. हाडांच्या डॉक्टरांची जुनाट साइट नाकारलेली. आया एकमेकींना बुटांचा पत्ता सांगायच्या ते पान, वेड्यावाकड्या फोटोंचं, तेही नाकारलेलं. जुगारवाले मात्र जागच्या जागी, थाटात.

"अहो, हे डॉक्टर आपल्याकडे पेशंट पाठवतात!"

"पण त्यांचा फॉन्ट बघा ना, वहिनी."

फॉन्ट म्हणे! वहिनींचा असा संताप झाला, की हातातला बूट फेकून मारावासा वाटला. शेजारी बसून त्यांनी एकेक लिंक तपासून घेतली आणि नवी यादी पाठवायला लावली. पण सर्च इंजिन काही घरचा गडी नव्हे. ते आपल्या सवडीने बघणार.

अशातच एका दुपारी एक बाप मुलीला कडेवर घेऊन आला. "तुमचं नाव ऐकून इंटरनेटवर खूप शोधलं," तो म्हणाला. "सापडला नाहीत. वाटलं, बंद केलंत. आधीच्या गावात शिवलेले हिचे बूट लहान झाले, म्हणून साध्या बुटात घरीच पुठ्ठे भरले. आज डॉक्टरांनी पत्ता दिला."

भाऊजींना गप्प राहवतंय होय! "काळजीच करू नका, आपलं रँकिंग आता लवकरच..."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "खाली बसा आणि तिचा बूट काढा."

आजवर गिऱ्हाइकाच्या पायाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. वहिनींचा चेहरा बघून मुकाट बसले. नाडी सोडली, ओला झालेला पुठ्ठा ओढून काढला. मोजा टाचेला चिकटला होता, आणि त्यावर रक्त होतं. मुलीने त्यांचा खांदा घट्ट धरला.

"हळू हं, काका."

भाऊजींनी मान वर केली नाही. "वहिनी, कोमट पाणी आणा," म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कामाचं वाक्य.