दर पोळ्याला चार बोटं

“मॅडम, मोठ्या पोटाचा माणूस आधी मरते, का मोठ्या कुल्ल्यांची बाई?”

हा प्रश्न मी अख्ख्या शाळेसमोर उभी राहून विचारला. पैज माझ्या वर्गातल्या शेवंता आणि निर्मलाची. “विचारून दाखव, मंग आठ दिवस तुले ढोली म्हणणार नाही.” ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कोठी, खाली फुगलेली. म्हणजे मी. आठ दिवसांच्या सुटकेसाठी मी याहून भयंकर काहीही विचारलं असतं!

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. पुढच्या खुर्च्यांवरची शाळा समितीची मंडळी खोकायला लागली. त्यात माझे बाबा यादोराव सगळ्यांत मोठ्यानं. पण आरोग्य शिबिराला भंडाऱ्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई चक्क हसल्या.

“चांगला प्रश्न आहे. चरबी किती यापेक्षा ती कुठं बसली, हे जास्त महत्त्वाचं. मांड्या-कुल्ल्यांवरची त्या मानानं गरीब. पोटातली मात्र ब्लडप्रेशर वाढवते, साखर वाढवते, आणि ते सगळं ओझं हृदयावर. ओढून ओढून ते थकतं. हार्ट फेल म्हणजे दर वेळी झटकन बंद पडणं नव्हे. आधी ते कमी पडायला लागतं. दम लागतो, पाय सुजतात.”

माझे कुल्ले गरीब! मी शेवंताकडे असं पाहिलं, जणू तिनं मला पदकच आणून द्यावं.

डॉक्टरीणबाईंनी टेप काढला. “कोणाची कंबर मोजू?”

बाबा उठले. पाय बगळ्याचे, पोट नगाऱ्याएवढं. “टेप कायले, मॅडम? माह्याजवळ करगोट्याचा हिशेब हाय. दर पोळ्याले नवा बांधतो, अन् दर पोळ्याले चार बोटं जास्त दोरा लागते!”

आमच्याकडे पोळ्याला बैलांना नवे दोर आणि घरच्या पुरुषांच्या कमरेला नवा काळा करगोटा. बाबा ती वाढलेली बोटं धानाच्या पोत्यांसारखी सांगत आणि लोक मान डोलवत. आताही टाळ्या पडल्या.

डॉक्टरीणबाई मात्र हसायच्या थांबल्या. “किती वर्षांपासून?”

“सात-आठ वर्स.”

“तलावाच्या पाळीवर चढताना दम लागतो?”

बाबा करगोटा चाचपायला लागले. अर्ध्या वाटेत ते पाणी बघायचं निमित्त करून बसतात, हे मला माहीत होतं.

“लागतो,” मीच म्हणाले.

त्यांनी बाबांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. “खळगा पडत नाही, म्हणजे सूज नाही. अजून वेळ आहे. पण भंडाऱ्याला येऊन दाखवा.”

चार दिवसांनी माय बाबांना एस.टी.नं भंडाऱ्याला घेऊन गेली. हृदयाची ईसीजीची पट्टी निघाली, चांगली! ब्लडप्रेशर तेवढं वाढलेलं. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, रोज चाला, पोट उतरवा. मायनं आनंदानं वडे तळले. बाबांनी आनंदानं नऊ खाल्ले.

“पोट उतरलं तं लोक म्हणतीन, यादोरावच्या घरचा धान सरला.”

“अन् तुमीच सरले तं काय म्हणतीन?” मायनं टोपलं उचलूनच नेलं.

“चाललो असतो व,” बाबा बोटं चाटत म्हणाले, “पण टाइम कुठं हाय? पोरीले लूनावर शाळेत सोडा लागते, तसाच वावरात जातो.”

हे खरं होतं. आणि ते माझ्यामुळं होतं. स्टँडवरची पोरं माझ्या चालण्याला हसतात म्हणून दोन वर्षं मी बाबांच्या पाठीआड लपून शाळेत जात होते. अडीच किलोमीटरसाठी! माझी लाज झाकायला बाबांचं चालणं बंद.

मी ताट बाजूला सारलं आणि उठले.

“असी ताठ उभी काऊन राहिली व?” माय म्हणाली, मी अजून काही बोललेही नव्हते.

“बाबा, माय, आयका. सोमवारपासून मी लूनावर बसणार नाही. शाळेत पायी जाईन, स्टँडवरून, भर रस्त्यानं. अन् बाबा, तुमी माह्यासंगं येणार. दम लागला तं थांबू. पण पायीच जाऊ.”