फळ्यांचा धूर

"धर, धर, सोडू नकोस!" नाकसाहेब गाडीखालून ओरडला आणि नेमकी तेव्हाच माझ्या हातातली फळी निसटून त्याच्या पायावर पडली.

"पाय माझा आहे रे, भाड्याने आणलेला नाही," तो म्हणाला आणि पुढचा नट सोडवायला लागला.

शनिवारची दुपार होती. आम्ही त्याच्या पिकअपच्या हौद्याचा लाकडी तळ काढत होतो. त्या जागी आता जाड पत्रा बसणार होता. गाडी बावीस वर्षांची, पण मूळ गाडीतलं म्हणावं असं तिच्यात आता फारसं उरलं नव्हतं. पाटे बदलले, शॉकअप बदलले, टायर वीतभर उंच झाले. पुढे लोखंडी बंपर आला, बंपरवर दोर ओढणारं विंच आलं. टपावर सहा दिवे आले. त्यांची वायरिंग माझी, कारण मी इलेक्ट्रिशियन आणि शिवाय शेजारी. विंचने आजवर एकदाच काही ओढलं, ते म्हणजे माझं बिघडलेलं वॉशिंग मशीन. पण त्याला विचारा, ही गाडी डोंगर चढेल, नदी ओलांडेल. रोज ती ऑफिसला जाऊन यायची, तेवढंच.

ऑफिसात तो आवक-जावक कारकून. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का. सव्वीस वर्षांत तिथे कोणी त्याचं मत विचारलं असेल असं मला वाटत नाही. मत विचारायला लोक यायचे ते त्याच्या घरी. गल्लीत कोणाच्याही गाडीतून जरा वेगळा वास आला की गाडी याच्या दारात. हा बॉनेट उघडायचा, डोळे मिटायचा, वाकून एक लांब श्वास घ्यायचा. "क्लच जळतोय. तुझा मेहुणा चालवतो ना? पाय क्लचवर ठेवून चालवतो तो." निघायचंही तसंच. मेकॅनिकसुद्धा त्याला मान द्यायचे. नाकसाहेब हे नाव आम्हीच ठेवलं होतं आणि तो ते वरिष्ठ पदासारखं मिरवायचा.

त्याच नाकाचा दुसरा धंदा म्हणजे मांस धुरावणं. कॉम्प्रेसरची जुनी टाकी आडवी कापून, तिला बिजागरी आणि धुराडं लावून त्याने अंगणात भट्टी केली होती. मंद धुरावर आठ-आठ तास मांस ठेवायचं. लाकूड कोणतं, किती सुकलेलं, धूर निळसर की पांढरा, सगळं नाकाने ठरायचं. महिन्यातून एक रविवार आम्ही चार गाडीवेडे जमायचो आणि गप्प बसून जेवायचो. याहून मोठी शाबासकी त्याला लागत नसे.

उद्याचा रविवार मात्र वेगळा होता. त्याची लेक तिच्या होणाऱ्या नवऱ्याला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन पहिल्यांदा घरी येणार होती.

"या फळ्या कुठे टाकू?" मी विचारलं.

"टाकतोस काय? बावीस वर्षं पिकलेलं लाकूड आहे ते. पोरगी झाली त्याच वर्षी गाडी घेतली. उद्या याच लाकडाचा धूर. नंतर सांगेन सगळ्यांना."

"अरे, पण दरवर्षी आपण हिला जळकं ऑइल पाजायचो. कुजू नये म्हणून. ब्रश मीच धरलाय."

"ऑइल वरच्या थरात असतं. रंधा मारला की संपलं." त्याने एका फळीवर सपासप रंधा मारला, ढलपी उचलली, डोळे मिटून नाकाशी नेली आणि लांब श्वास घेतला. "काही नाही. एकदम स्वच्छ."

माझ्याही हातात फळी होती. मी ती नाकाला लावली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण नाकसाहेबाने हुंगल्यावर आपण काय हुंगायचं?

रविवारी पहाटे त्याने कोळसा पेटवला. वहिनी नर्स आहेत, त्यांची सकाळची ड्यूटी. त्या सहाला गेल्या तेव्हा भट्टीत फक्त निखारे होते. फळ्या नंतर गेल्या. दहाच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात वास शिरला आणि बायकोने खिडकी धाडकन लावली.

"तुमचा मित्र टायर जाळतोय का हो?"

"तुला काय कळतंय त्यातलं? काहीतरी नवीन करत असेल."

वास मलाही आला होता. गॅरेजात ऑइलने माखलेल्या चिंध्या पेटाव्यात तसा. मी भिंतीवरून डोकावलो. तो धुराच्या अगदी तोंडाशी स्टूल टाकून बसला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर समाधान होतं. मी हात हलवून परत आलो.

दोनला पाहुणे आले. वहिनीही त्याच वेळी फाटकात पोचल्या. "अहो, वास कसला येतोय?" त्यांनी हळूच विचारलं.

"गाडीचं काम काढलंय ना काल," तो म्हणाला. त्या घरात ऑइलचा वास नवा नव्हता. त्या कपडे बदलायला आत गेल्या.

टेबलाशी, शेजारी म्हणून बोलावलेला मी धरून, आम्ही सात जण होतो. होणारे व्याही निवृत्त बसचालक, गाडी बघूनच त्यांचं आणि नाकसाहेबाचं जमलं होतं. मांस रंगाने देखणं झालं होतं, सुरी लावली की सुटत होतं. त्याने स्वतः सगळ्यांना वाढलं आणि उभा राहिला. पहिला घास होईपर्यंत तो कधी बसायचा नाही.

मी घास तोंडात घातला. पुढे गिळावं की नाही एवढाच प्रश्न होता. समोर विहीणबाई डोळे मोठे करून चावत होत्या. व्याह्यांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला.

"चव... वेगळी आहे हं," ते म्हणाले.

"बावीस वर्षांचं लाकूड आहे," नाकसाहेब खुशीत म्हणाला. "सांगतो नंतर."

होणारा जावई बिचारा घाम पुसत म्हणाला, "मला अजून थोडं चालेल." पोरगा चांगला आहे हे मला तिथेच कळलं. नाकसाहेबाने त्याला मोठा तुकडा वाढला. त्याच्या ताटातला तो तुकडा बघून लेकीला राहवलं नाही.

"बाबा, गंमत करताय ना? याला ऑइलचा वास येतोय. चवपण तीच आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी ताटात बघायला लागलो. त्याने एक तुकडा उचलला, नाकाशी धरला, बराच वेळ धरला. तोंडात घालून सावकाश चावला आणि गिळला.

"येतोय?" त्याने विचारलं.

"येतोय," वहिनी म्हणाल्या.

तो खुर्चीत बसला. "मला येत नाही," तो म्हणाला. "कसलाच येत नाही. मागच्या तापानंतर गेला तो गेला. आठ महिने झाले." मग व्याह्यांकडे वळून, "माफ करा. तुम्हाला पहिल्यांदा बोलावलं आणि हे खायला घातलं."

"अहो, आम्ही डेपोत काय काय खाल्लंय!" व्याही म्हणाले. "त्यामानाने हे बरंच नवं ऑइल आहे." सगळे हसले. तोही हसला. पण वहिनी हसल्या नाहीत.

"आठ महिने?" त्या म्हणाल्या. "मी रोज दुसऱ्यांची नाकं-कानं बघते, आणि माझ्या घरात..." त्या उठल्या, सगळी ताटं गोळा केली आणि अंडी फोडायला घेतली. लेक बाबांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. त्या दिवशी सगळे अंडी आणि पाव खाऊन गेले. लग्न ठरलं, त्यात काही अडलं नाही. पण नाकसाहेबाने भट्टीवर गोणपाट टाकलं आणि गाडीवर कव्हर घातलं. ऑफिसला तो बसने जायला लागला. "वासच येत नाही तर इंधन गळतंय की काय जळतंय, मला कसं कळणार?" एवढंच त्याने सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्याच्या दारात गाड्या उभ्या राहायच्या बंद झाल्या.

तीन आठवड्यांनी मी गेलो. मनात सलत होतं ते बोलून टाकलं.

"मला सकाळीच वास आला होता. दहा वाजता."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"म्हणजे माझं चालू होतं तोवर तुझं बंदच होतं तर," तो म्हणाला. मग आपणहून सांगायला लागला. "सांगणार होतो रे. रोज ठरवायचो. पण मला विचारतंय कोण? ऑफिसात शिक्का विचारतात. दारात चार माणसं येतात ती नाकासाठी. नाक नाही म्हटल्यावर कशाला येतील? शिवाय वाटायचं, उद्या येईल. सकाळी उठून आधी साबण हुंगायचो."

मला फार वाईट वाटलं, आणि आपण किती मठ्ठ आहोत याचाही राग आला. आठ महिने हा माणूस माझ्यासमोर बॉनेटवर वाकून नुसता श्वास घेत होता. आता आठवलं, त्या काळात तो निदान सांगायच्या आधी मालकाला खूप प्रश्न विचारायचा. आम्हाला वाटायचं, वयाप्रमाणे बोलका झालाय.

मागच्या रविवारी दुपारी भिंतीपलीकडून आवाज आले म्हणून डोकावलो. भट्टीवरचं गोणपाट निघालं होतं. धूर येत होता, चांगला, स्वच्छ लाकडाचा. वहिनी ड्यूटीवरून आल्या होत्या त्याच पांढऱ्या कपड्यांत स्टुलावर बसल्या होत्या आणि तो उकिडवा बसून त्यांची परीक्षा घेत होता.

"कसा येतोय?"

"धुरासारखा."

"अगं, कसला धूर?"

"धुराचा धूर! आता धुराला काय नाव ठेवू?"

"कडवट येतोय का? घशाला लागणारा?"

वहिनींनी डोळे मिटले, वाकून श्वास घेतला आणि खोकल्या. "नाही. जरा गोडसर आहे. सुताराच्या दुकानात येतो तसा."

"बरोबर!" तो खूश झाला आणि त्याने झडप अर्धी लावली. "आता अर्ध्या तासाने परत."

"म्हणजे माझी दुसरी ड्यूटी सुरू झाली म्हणायची." त्या उठल्या नाहीत. मी निघणार, तेवढ्यात त्याने विचारलं,

"आणि तुझ्या कपड्यांना कसला येतोय?"

"माझ्या?" त्यांनी बाही नाकाला लावली. "दवाखान्याचा. फिनेल आणि स्पिरिट. दुसरा कसला येणार?"

त्याने मान हलवली. "तो आठवतोय मला," तो म्हणाला आणि निखारे सारखे करायला लागला.