डाव्या पानावरची साक्ष

माझी थोरली मुलगी अफ्राकोमा आपल्या वेडाविषयी पुस्तक लिहीत होती. 'वेड' हा शब्द तिचा. मी आयुष्यभर 'तब्येत' म्हणत आले. मांपोंग गावातल्या आमच्या कुळाची मी वडीलधारी स्त्री. घरातले लग्न किंवा बारसे माझ्या शब्दावाचून होत नाही. म्हणून कुमासी शहरातल्या मुद्रकाने जेव्हा विचारले की मुखपृष्ठावर खरे नाव घालायचे की खोटे, तेव्हा तो प्रश्न माझ्याकडे आला.

तिच्यासारखी लिहिण्याची रीत मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. शाळेच्या वहीत ती फक्त उजव्या पानावर लिही. डावे पान कोरे ठेवी. आजाराच्या दिवसांतली स्वतःची आठवण तिला भरवशाची वाटत नसे, म्हणून त्या वेळी जे हजर होते त्यांच्यापुढे ती वही ठेवी आणि म्हणे, "तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका." पाव विकणाऱ्या बाईने लिहिले की अफ्राकोमाने तिची टोपली भर रस्त्यात उलथवली होती आणि वर तिलाच शिव्या दिल्या होत्या. अफ्राकोमाने ते जसेच्या तसे ठेवले. गोळ्यांनी तिचा हात थरथरतो; एक पान लिहायला सकाळ जाते. तरी वाक्य देखणे असून खरे नसेल तर ती त्यावर रेघ मारते. मी सत्तेचाळीस वर्षे कापडाचा व्यापार केला, विणीतला दोष बोटांनी ओळखला. इतकी कठोर पारख मी माझ्याही मालाची केली नाही.

एके दिवशी वही माझ्यापुढे आली. उजव्या पानावर होते: 'प्रार्थनेने वेड उतरवणाऱ्या छावणीत मला एक्केचाळीस दिवस झाडाला साखळीने बांधले होते. आई दर रविवारी येई. ती रडत असे का, आठवत नाही.'

मी चष्मा लावला आणि डाव्या पानावर लिहिले: 'रडत नव्हते. मला लाज वाटत होती, आणि तुझा राग येत होता. साखळी घालायला होकार मीच दिला.'

तिने ते दोनदा वाचले. "अक्षर छान आहे गं तुझं, आई," एवढेच म्हणाली.

खोट्या नावाचा आग्रह धाकटी मुलगी पोकुआ धरून बसली होती, कारण तिच्या मुलीला, बिरागोला, स्थळ आले होते. आमच्यात रक्त आईकडून चालते. अफ्राकोमा माझ्या भावाची मुलगी असती, तर तिच्या आजाराशी कोणाला कर्तव्य नसते. पण आईची बहीण म्हणजे आईच, आणि तिचे वेड ते बिरागोच्या रक्तातले. मुलाकडची माणसे चौकशीला येतात ती नेमके हेच विचारायला.

"ताई, नावच तर बदलायचंय," पोकुआ म्हणाली. "पुस्तक तेच राहतंय ना?"

"एकवीस वर्षं पाहुणे आले की मला मागच्या खोलीत बसवलंत. आता पुस्तकातही मागच्याच खोलीत बसू?"

"मग तुझ्या पुस्तकापायी माझ्या पोरीनं म्हातारं व्हायचं का?"

"तेवढं जाड नाहीये ते."

मला हसू आले, पण मी ते चेहऱ्यावर येऊ दिले नाही.

शनिवारी मुलाचा मामा आणि मावशी आली. पाणी देऊन झाले, येण्याचे कारण सांगून झाले. मग मामाने रीतीप्रमाणे विचारले, "आजी, या कुळात कुणाच्या हातून खून? चोरी? फिट येणारं कुणी? डोकं फिरलेलं?"

याच अंगणात, याच प्रश्नाला मी आधीच्या दोन लग्नांत 'नाही' म्हटले होते. एकदा तर मागच्या खोलीतून अफ्राकोमाचे बोलणे ऐकू येत असताना. पोकुआ मोठ्याने खोकली.

"आहे," मी म्हणाले. "माझी थोरली मुलगी. शाळेत शिकवते, गोळ्या घेते, त्याच आजारावर पुस्तक लिहिते. बोलावते."

अफ्राकोमा येऊन बसली. मावशीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिले. "गावात म्हणतात, तुला आवाज ऐकू येतात. आत्ताही येतायत?"

"आत्ता नाही. काल दुपारी एक आला होता. तुमच्यापेक्षा हळू बोलतो तो."

मामाला हसू आवरेना. मावशी हसली नाही. घरी विचार करून कळवतो म्हणाली आणि दोघे उठली.

गुरुवारी ती मावशी एकटीच परत आली. सोबत मद्याची बाटली होती. ती घरात ठेवून घेतली की संबंध पक्का, असा आमचा रिवाज.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोललात, तेही आवडलं. फक्त पुस्तकावर तिचं नाव नको. तुमच्या कुळाचं तर नकोच. खरं आपल्या दोन घरांत राहू दे."

अफ्राकोमा माझ्याकडे वळली. "आई, घाल खोटं नाव. पोरीचं लग्न आहे."

पुस्तकावर आपले नाव, ही एकवीस वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली एकच गोष्ट होती, आणि तीही ती सोडून देत होती. मी बिरागोकडे पाहिले. लग्न तिचे होते. निर्णय माझा असला तरी तिच्या पाठीमागे मला तो घ्यायचा नव्हता.

"आजी, बाटली परत द्या," बिरागो म्हणाली.

"तोंड सांभाळ," पोकुआ ओरडली. "मुलगा चांगला आहे."

"चांगलाच आहे. त्याला यायचं तर येईल. मोठी आई, हे मी तुमच्यासाठी करत नाहीये. उद्या मला कधी आवाज ऐकू आले, तर त्या घरात मला कुठल्या खोलीत ठेवतील ते आजच कळलं."

मी उठले. बाटली दोन्ही हातांनी मावशीच्या हाती परत दिली आणि तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले, कारण पाहुण्याचा मान राखावाच लागतो. पोकुआ माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. मुलगा अजून आलेला नाही. बिरागो त्याची वाट पाहते, हे मला दिसते.

बाटली परत दिली त्याच दुपारी मी मुद्रकाला निरोप धाडला. नाव पूर्ण छापा, कुळाचे नावही छापा. आणि साखळीला होकार देणारी आई कोण, तिचेही नाव आत असू द्या.