आलं का चित्र, अप्पा?

मी एक छत्री बोलतेय. पण मला काखेत मारून बाजारात निघू नका. पावसाशी माझं काही जमत नाही. उलट जोराची सर आली की माझीच बोलती बंद होते. मी गच्चीवरची, टीव्हीची छत्री. शिकलेली माणसं मला डिश म्हणतात. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात एका घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी माझा मुक्काम आहे. आग्नेयेला आभाळात फार उंचावर एक उपग्रह आहे. तो चित्रं खाली सोडतो आणि मी ती झेलते. सगळ्या फुकटच्या वाहिन्या. फुकटचं देते म्हणून काही लोक मला कमी लेखतात, पण मी ते मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मी सपाट पत्रा होते. वरून एक दणका बसला आणि मी खोलगट झाले. मग राखाडी रंग चढला, पाठीला पट्ट्या लागल्या आणि मी एस. पी. रोडवरच्या दुकानात बहिणींच्या अंगावर अंग टाकून बसले.

मला पहिल्यांदा घरी आणलं ते नागपूरच्या दोन पोरांनी, सुशांत आणि अजित यांनी. दोघं कॉम्प्युटरवाले, बुद्धी भरपूर, घाई त्याहून जास्त. त्यांच्या भाड्याच्या घराची बाल्कनी पश्चिमेला. तिथंच मला ठेवून ते मोबाईलमध्ये दिशा बघू लागले.

"साउथ-ईस्ट म्हणजे हीच साइड ना बे?" अजित म्हणाला.

"हो, पण मध्ये आपलाच किचन येतो."

"सिग्नल भिंतीतून येते ना?"

नाही येत, बाळा. एवढंच मला सांगता आलं नाही. अख्खा रविवार मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे टक लावून पाहिलं. सोमवारपासून माझ्यावर ओले टॉवेल आले. पुढे पोरं घर सोडून गेली आणि मी मागे राहिले.

घरमालकीण भाग्यलक्ष्मी अम्मा खाली तळमजल्यावर राहतात. त्यांच्या घरात कुठलीच वस्तू रिकामी बसत नाही. त्यांनी मला गच्चीवर उताणी टाकली आणि माझ्यात लिंबाच्या फोडी वाळत घातल्या. खोटं कशाला बोलू, ऊन चांगलं लागायचं. पण मी लोणच्यासाठी जन्मले नव्हते.

मग वरच्या मजल्यावर रंजिता राहायला आली. निपाणीकडची, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारी. नवरा दयानंद टॅक्सी चालवतो, देवनहळ्ळीच्या विमानतळाचं भाडं मिळालं की दिवसभर गायब. ती स्वतः जयनगरात एका कापडाच्या दुकानात कामाला जाते. कपडे वाळत घालायला ती वर आली, मला बघितलं आणि फोडी बाजूला सारून पदरानं पुसलं. इतक्या वर्षांत मला कोणी पुसलं नव्हतं.

"अम्मा, ही मी लावू का?" तिनं विचारलं.

"लाव गं, पण भिंतीला भोक नको," अम्मा कन्नडात म्हणाल्या. "माझ्या घराला एकही भोक नको."

भाड्याच्या घरात हीच अडचण असते. खिळा मारायचा तरी मालकाचं तोंड बघावं लागतं. दुसऱ्या कोणी माघार घेतली असती. रंजितानं रंगाचा रिकामा डबा आणला, त्यात खांब उभा केला, वाळू-सिमेंट भरलं आणि डब्याखाली विटांचे तुकडे सरकवून तो सरळ केला. कुठंही भोक नाही. मग केबल जिन्याच्या खिडकीतून आत सोडली. ती मला केसभर हलवायची आणि थांबायची, कारण टीव्हीशेजारच्या खोक्याला चित्र धरायला जरा दम लागतो. ते थांबणंच लोकांना जमत नाही. तिला जमलं.

माझ्याशेजारी एक जुनी अँटेना उभी आहे, माशाच्या काट्यासारखी. तिच्या काळी शहरातल्या मनोऱ्यावरून चित्रं यायची आणि ही ती झेलायची. ते प्रक्षेपण बंद झालं, आता तिच्यावर कावळे बसतात. रंजितानं तीही पुसली होती, उगाचच. त्या दिवसापासून मी या बाईवर जीव टाकला.

यंदा दसऱ्याच्या आधी तिचे वडील गावाहून आले. बसवंतअप्पा, पोस्टातून निवृत्त झालेले, उंच आणि हेकट. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. तो निघाला, काळा चष्मा आला, आणि अप्पा दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले. शेतीच्या गप्पा, कीर्तन, मराठी बातम्या, जे मी देईन ते त्यांना गोड. पण घरात एक नाव निघालं की ते उठून जायचे. इरा. त्यांची धाकटी मुलगी.

इरा खो-खो खेळते. अप्पांनी ठरवलेलं स्थळ तिनं नाकारलं, राज्याच्या संघात निवड झाली म्हणून गेली, आणि तेव्हापासून अप्पा तिच्याशी बोलत नाहीत. तिनं केलेले फोन वाजून वाजून बंद होतात. रंजिताही एके काळी खो-खो खेळायची. तिचं स्थळ आलं तेव्हा तिनं नाकारलं नव्हतं. हे सगळं मला गच्चीवर कळलं, कारण खाली मोबाईलची रेंज येत नाही आणि रंजिता फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोरच बहिणीशी बोलायची.

"उद्या फायनल आहे, अक्का. टीव्हीवर दाखवणार आहेत," इरा सामन्याच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणाली.

"दाखवू देत. मी अप्पांना बसवते."

"बसतील?"

"परवा गावाला निघाल्यात. उद्या नाही बघितलं तर कधीच बघणार नाहीत, इरा. एकदा बघू देत. एकदा बघितलं की बोलतील."

तिनं हे इतक्या खात्रीनं सांगितलं, की मलाच भीती वाटली. कारण तिची सगळी भिस्त माझ्यावर होती. मोबाईलवर अप्पांना खेळाडू मुंगीएवढे दिसले असते.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. या शहरात त्या दिवशी राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला मान असतो. स्कूटर धुतात, मिक्सरला कुंकू लावतात, कोहळा फोडतात. भाग्यलक्ष्मी अम्मा पाण्याच्या मोटारीची पूजा करायला वर आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. वर्षभर राबणारी ही, हिला का वगळायचं? त्यांनी मला धुतलं, विभूतीचे पट्टे ओढले, कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. मी तर फुलून गेले.

मग त्या थबकल्या. पूजेच्या वस्तूचं तोंड पूर्वेला हवं, माझं दक्षिणेकडे झुकलेलं. त्यांना ते खटकलं. त्यांनी डबा धरला, विटांचे तुकडे काढून टाकले आणि मला नीट पूर्वेकडे वळवलं. समोर रांगोळी काढली, हात जोडले आणि समाधानानं खाली गेल्या. अशी प्रेमानं केलेली चूक कुणाला दाखवायची? दिवसभर मी उगवतीकडे बघत बसले आणि खालच्या टीव्हीवर काळोख.

सकाळी घरात पूजा, दुपारी जेवण, टीव्ही कुणी लावलाच नाही. सामना सुरू व्हायच्या बेताला रंजितानं लावला.

खालून आवाज आला. "अप्पा, बसा की. इराचा सामना आहे."

"माझे डोळे अजून कच्चे हाईत. डाक्टरनं टीव्ही बघू नको म्हटलंय."

"काल कीर्तन बघताना पक्के होते काय?"

पुढचं भांडण ऐकू आलं नाही, कारण रंजिता पाना घेऊन जिना चढत धावत आली. टीव्हीवर सिग्नल नसल्याची पाटी होती. मला हारतुऱ्यात, पूर्वेकडे तोंड करून बसलेली पाहून ती क्षणभर हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दयानंद देवनहळ्ळीला. खाली टीव्हीसमोर एकटे अप्पा.

ती कठड्यावरून वाकली. "अप्पा, तुम्ही सामना बघू नका. फक्त सांगा, चित्र आलं का?"

मग खिडकीतून आवाज आला, "न्हाई."

तिनं माळ काढून टाकीवर ठेवली, डबा फिरवला, विटा सरकवल्या. "आता?"

"न्हाई."

"स्वल्प थांबा. घाई करू नका. आता?"

"पाटीच हाय."

ती माझी मान वर करून नट आवळायला लागली. बोल्ट जुना, गंजका. घाईत तो तुटला आणि माझी मान खाली लटकली. माझ्यानं काहीच करवेना. रंजितानं पाना फेकला आणि दोन्ही हातांनी मला धरलं, जसं तापलेलं पोर धरतात. इंच इंच वर घेतलं. थांबली. पुन्हा घेतलं.

"आलं," अप्पा म्हणाले. "गेलं. थांब, मागं घे. आलं बघ. आता हलवू नगंस."

ती तशीच उभी राहिली. अंग थोडं वाकडं, एक गुडघा डब्याला टेकलेला, ऊन तोंडावर. हात सोडला तर चित्र जाणार. म्हणजे ज्या सामन्यासाठी तिनं एवढा आटापिटा केला, तो तिला दिसणार नव्हता. गलबला ऐकून अम्मा वर आल्या, काय झालं ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"मी धरते, तू जा," त्या म्हणाल्या.

"नको, अम्मा. केसभर हललं तरी जाईल. तुम्ही डबा तेवढा दाबून धरा."

अम्मा आपल्या नव्या साडीनिशी खाली बसल्या आणि त्यांनी डबा गच्च धरला. खालून आता फक्त टीव्हीचा आवाज येत होता. रंजिता ओठ चावत होती. अप्पा उठून गेले असतील, असं तिला वाटत असावं. मलाही तेच वाटत होतं.

"अप्पा, आहे का चित्र?"

"हाय."

"इरा दिसती का?"

मग अप्पा खिडकीपाशी आले असावेत, कारण आवाज स्पष्ट आला. "आत्ता उतरली मैदानात. पळतीया."

"काय करती?"

"हुलकावणी दिली एकीला. दुसरी मागं लागली. खांबाकडं चालली... वळली. त्या पोरीनं सूर मारला, हात लागला न्हाई. रंजी, हात लागला न्हाई."

त्यानंतर अप्पा थांबलेच नाहीत. कोण उठली, कुणी खो दिला, इरा कुठून शिरली आणि कुठून निसटली, सगळं सांगत राहिले. इरा बाद झाली तेव्हा म्हणाले, "बाद. पण लई दमवलं त्यास्नी." खेळातला एकही शब्द चुकत नव्हता. रंजिता डोळे मिटून ऐकत होती. तिच्या हातांना रग लागली होती, चित्रही हललं असणार, पण खालून तक्रार आली नाही.

मध्यंतर झालं. जिन्यावर पावलं वाजली आणि काळा चष्मा लावलेले अप्पा गच्चीवर आले. उन्हात अशी अडकलेली लेक, डबा धरून बसलेल्या अम्मा आणि विभूती फासलेली मी. ते आम्हा तिघींकडे बघत राहिले.

"आता तू जा खाली," ते म्हणाले. "मी धरतो हिला."

"अप्पा, डॉक्टरांनी वजन उचलू नका सांगितलंय."

"उचलत न्हाई. धरतोय."

"तुम्हाला पुढचं बघायचं नाही?"

अप्पांनी तिच्या हातांवरून हात सरकवत मला पकडलं. पत्रं वाटून वाटून राठ झालेला हात होता तो. मग माझ्याकडेच बघत ते म्हणाले, "तिचा खेळ बघितला. तुझा तर शाळेच्या कंपाउंडामागं सायकल लावून रोज बघायचो. खांबाला वळताना तू बी डावा खांदा असाच खाली सोडायचीस. तुला थांबवायला नको हुतं, रंजी."

रंजितानं हळूहळू हात काढून घेतले. मी तेव्हा जिवाच्या आकांतानं उपग्रहाकडे बघत होते. त्या घडीला चित्र जाऊ दिलं असतं, तर मी स्वतःला लिंबाच्या फोडींच्या लायकीचीसुद्धा समजले नसते.

अम्मांना मराठी येत नाही. पण त्यांनी अप्पांकडे बघितलं आणि "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत डबा आणखी घट्ट धरला.

"जा की," अप्पा म्हणाले. "सुरू हुईल. आणि ओरडून सांग मला."

ती धावत खाली गेली. मग खालून रंजिताचा आवाज येत राहिला, आणि वर अप्पा एकेका वाक्याला मान हलवत राहिले. इराचा संघ थोडक्यात हरला. संध्याकाळी अप्पा फोन घेऊन पुन्हा वर आले. काळा चष्मा वर सरकवून त्यांनी नंबर लावला. शेवटी फोन लागला, आणि एवढ्या दिवसांनी धाकट्या लेकीशी ते पहिलं वाक्य बोलले, "जेवलीस काय?"

आता माझा बोल्ट नवा आहे, विटा जागेवर आहेत आणि डब्याभोवती अम्मांनी खडूनं गोल आखून ठेवलाय. माझ्या अंगावर गंजाचे डाग आलेत. भाड्याचं घर आहे, उद्या ही माणसं दुसरीकडे जातील, मला नेतील की नाही माहीत नाही. त्याबद्दल मी काही मागत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या गच्चीवर कधी माझ्यासारखी छत्री लावायची झाली, तर एकट्यानं लावू नका. मोबाईल बघून लावू नका. ज्या माणसाशी तुमचं बोलणं थांबलंय, त्याला खाली टीव्हीसमोर बसवा, आणि वरून विचारत राहा, आलं का?