एकाच कटचा गिअर

वायरकट मशीनवर काम करणाऱ्या त्या माणसाला कारखान्यात सगळे गुळगुळीतमामा म्हणत. केसासारखी बारीक तार धातूजवळ न्यायची, पण टेकवायची नाही. मधल्या फटीत ठिणग्या पडतात आणि त्याच धातू खातात. असे नखाएवढे गिअर कापायचे, हे त्याचं काम. पहिल्या कटला ठिणगी जोरदार असते, ती दातांवर खळगे पाडून ठेवते. मग ठिणगी कमी करत तार पुन्हा त्याच वाटेने फिरवली की खळगे निघत जातात. बाकीचे दोन कटांवर भागवत. मामा चार मारायचा आणि वर दातांवरून नख फिरवून बघायचा. नख अडलं की गिअर भंगारात. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. त्यातल्या त्यात सोबत होती ती तिच्या चावीच्या टायमरची. गॅसवर काही चढवलं की ती तो फिरवायची. आतले दात मुळातच ओबडधोबड, त्यामुळे खरखर, खरखर असा आवाज थेट बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा.

"काय ती खरखर! आण इकडे, नीट करून देतो," तो म्हणायचा.

"असू द्या हो. मी घरात आहे, एवढं तरी कळतं तुम्हाला," ती म्हणायची.

आता गॅसवर काही नसलं तरी तो टायमर फिरवायचा आणि बाहेर येऊन बसायचा. आवाज आला की आत कोणीतरी आहे असं वाटायचं. वेडेपणाच तो, पण कोणाला सांगत थोडाच होता!

एक दिवस टायमर अडला. उघडून पाहिला, तर एका पितळी गिअरचे दात पार झिजून गेलेले. मामाला उलट हायसं वाटलं. गिअर म्हणजे त्याच्या हातचा मळ! जेवणाच्या सुट्टीत त्याने मशीनवर पितळेचा तुकडा लावला, चार कट मारले आणि तिची वस्तू म्हणून पाचवाही मारला. नख असं घसरलं की स्वारी स्वतःवरच खूश झाली.

घरी येऊन गिअर बसवला, चावी दिली आणि तो बाहेर जाऊन बसला. काहीच ऐकू येईना. पुन्हा अडला की काय म्हणून आत गेला, तर काटा छान सरकत होता. कान टेकवला तेव्हा कुठे टिकटिक कळली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या गुळगुळीतपणाचा जन्मभर तोरा मिरवला, त्यानेच घर मुकं करून टाकलं. जुना गिअर तर परत बसवण्यासारखा राहिलाच नव्हता. मामा ओट्याला टेकून रडला.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावरच्या बाईने त्याच्या हातातला छोटा गिअर घेतला आणि भिंगाखाली धरला.

"अहो मामा, हे काय? पहिल्याच कटवर काढलात? याच्यावर नखं घासून निघतील माझी! तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. मुद्दाम काढलाय तसा."

"मग टाकू भंगारात?"

"नको बाई. घरी हवाय. जरा आवाज करणारा."

बाई आणखी चेष्टा करणार होती, पण तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गिअर चिंधीत गुंडाळून तिने त्याच्या हातावर ठेवला.

संध्याकाळी मामाने थोड्या पाण्यात बटाटे उकडायला ठेवले, टायमर फिरवला आणि बाहेर येऊन बसला. खरखर, खरखर. अगदी तीच नव्हे, थोडी जाडीभरडी, पण भिंतीपलीकडून नीट ऐकू येणारी. त्याचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी घरात माणूस असल्यासारखं वाटलं, इतकं की बसल्या बसल्या डोळा लागला.

टायमरची घंटी वाजली.

"अगं, गॅस बंद कर," तो डोळे न उघडताच म्हणाला.

घंटी वाजत राहिली आणि चावी संपली तशी थांबली. मामा जागा झाला होता, तरी तसाच बसून राहिला. आतून करपल्याचा वास यायला लागला, तेव्हा तो उठला आणि त्याने गॅस बंद केला.